खिळे मारलेली रवी

शेजारणीच्या स्वयंपाकघरातली एक धडधाकट वस्तू मी न विचारता उचलून नेली, तिला खिळे मारून आणले आणि परत होती तिथे टांगून ठेवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. अक्कल यायला एवढी वर्षं पुरत असावीत, असा माझा समज होता.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे चहाची गाळणी. परवा नात ती हातात घेऊन आली. "आजी, ह्याचं हॅण्डल लूज झालंय. फिक्स करायचं?" तिचं मराठी असं थांबत थांबत येतं, पण तो 'फिक्स' ऐकला आणि मी दचकले. मी गाळणी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. म्हटलं, "नक्की मोडलंय ना? की ते असंच असतं?" नातीने माझ्याकडे पाहिलं. "आजी, इट्स जस्ट अ गाळणी."

तिला काय कळणार. म्हणून लिहायला बसले.

ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबमधल्या आमच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच घरं. एक आमचं. दुसऱ्यात एक मेक्सिकोची बाई राहायला आली. तिशीतली असेल. नवरा सोहार औद्योगिक वसाहतीत इंजिनीअर, आठवड्याचे पाच दिवस तिकडेच. त्यामुळे ती बरीचशी एकटी आणि मी बरीचशी मोकळी. दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तरी एक धड इंग्रजी होत नव्हतं.

ओळख झाली ती ताकामुळे. दुकानात लबानच्या, म्हणजे तयार ताकाच्या, बाटल्या हव्या तेवढ्या मिळत, पण मी घरी विरजण लावायची आणि सासूबाईंनी बॅगेत कोंबून दिलेल्या रवीने ताक करायची. हा माझा बाणा होता. बाणा म्हणजे हट्टच, पण तेव्हा मी त्याला बाणा म्हणत असे. एक दिवस दार उघडं होतं आणि मी दोन्ही तळव्यांत दांडा धरून ताक घुसळत होते. ती चुकून तिच्याकडे आलेलं आमचं काहीतरी टपाल द्यायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. माझ्या हातांकडे बघत राहिली. मग टपाल तसंच हातात घेऊन घरी पळाली आणि परत आली ती एक रवी घेऊन.

रवीच ती. माझ्या रवीची श्रीमंत मावसबहीण. खाली खाचा पाडलेला गोल बोंडा, त्यावर जाळून काढलेली काळपट नक्षी, वर निमुळता होत गेलेला दांडा आणि टोकाला जाडसर मूठ. मध्ये दांड्यावर तीन लाकडी कड्या. हलवलं की त्या खुळखुळत.

"मोलिनीयो," ती म्हणाली.

"रवी," मी म्हणाले.

"चोकोलाते."

"ताक."

मग तिने त्या दांड्यावर बोट ठेवून म्हटलं, "माय फादर." मला वाटलं, वडिलांनी घेऊन दिली असेल. मी म्हणाले, "नाइस, नाइस." ह्या एका 'नाइस'वर मी ओमानमध्ये निम्मं आयुष्य काढलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिने मला तिच्याकडे बोलावून चॉकलेट पाजलं. भाकरीच्या तुकड्यासारखी खडबडीत वडी, तिच्यात साखर आणि दालचिनी आधीच कुटलेली. गरम दुधात ती टाकली, उंच मातीच्या भांड्यात ओतली आणि दोन तळव्यांत रवी धरून फिरवायला लागली. अगदी माझ्यासारखी, फक्त जास्त वेगात. फेस वर वर चढत गेला. आणि त्या कड्या खडखडखडखड करत सगळं स्वयंपाकघर डोक्यावर घेत होत्या.

चॉकलेट छान होतं. मला मिशी आली फेसाची. पण माझं लक्ष होतं ते त्या कड्यांवर. मी मनात म्हणत होते, बिचारी. परदेशात एकटी, नवरा सोहारला, आणि रवी अशी खिळखिळी. आमच्याकडे रवीचा बोंडा जरासा हलला तरी सासूबाई पाचर ठोकून तो घट्ट करून घेत. सैल म्हणजे मोडकं, एवढं साधं शास्त्र मला शिकवलेलं होतं. हिला आवाज करणाऱ्या वस्तूने चॉकलेट करावं लागतंय आणि ही हसतेय, हे मला बघवेना.

मग एका शनिवारी ती माझ्याकडे घराची किल्ली घेऊन आली. नवऱ्याबरोबर चार दिवस सोहारला जायचं होतं, तेवढं झाडांना पाणी घाल म्हणाली. बुधवारी परत येणार. आणि शुक्रवारी तिची आई येणार होती, मेक्सिकोहून, पहिल्यांदाच. ते सांगताना तिचा चेहरा कसातरीच झाला. आनंद होता, पण त्याच्याखाली काहीतरी धाकधूक होती. तिने भिंतीवर टांगलेल्या रवीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मामा. धिस. व्हेरी इम्पॉर्टंट." मामा म्हणजे तिच्या भाषेत आई.

झालं. माझ्यासारख्या बाईच्या हातात किल्ली देऊन तुम्ही 'व्हेरी इम्पॉर्टंट' म्हणू नये.

रविवारी मी झाडांना पाणी घातलं. सोमवारी झाडांना पाणी घातलं आणि रवी काढून पिशवीत टाकली. मनात केवढा तो उमाळा. आई येणार, लेकीचं घर बघणार, आणि लेकीची रवी खुळखुळ्यासारखी वाजणार. बायकांनीच बायकांची लाज राखायची असते, असं काहीतरी भव्य वाक्यही मी स्वतःशी म्हटल्याचं आठवतं. ऐकायला कुणी नव्हतं, हे नशीब.

सीबच्या जुन्या सूकमागच्या, म्हणजे बाजारामागच्या, गल्लीत रत्नागिरीकडचे एक सुतार होते. पन्नाशी उलटलेले, दाढी पांढरी, दारं-खिडक्यांची कामं करायचे. आमचं कपाट त्यांनीच बनवलं होतं, त्यामुळे मी त्यांची 'वहिनी' झाले होते. त्यांनी रवी हातात घेतली आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. एक कडी वर नेली, खाली आणली, गोल फिरवली.

"वहिनी, ह्या कड्या आत गेल्या कशा?"

"कशा म्हणजे?"

"वरनं मूठ मोठी. खालनं बोंडा मोठा. जोड कुठंच नाय. कडी आत घालणार कुठनं?"

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हटलं, "गेल्या असतील. तुम्ही घट्ट करून द्या."

"घातलेल्या नायत त्या. एकाच लाकडातनं कोरून मोकळ्या केल्यात. दांडा, बोंडा, कड्या, समदं एकच झाड. कुणीतरी बसून बसून केलंय." त्यांनी रवी कानाशी नेऊन हलवली. "वाजाव्यात म्हणून ठेवल्यात मोकळ्या. मुद्दाम."

तीस वर्षं लाकूड हाताळलेला माणूस मला समोर उभा राहून सांगत होता. मी काय उत्तर दिलं ते लिहायला आजही माझा हात अडतो.

मी म्हणाले, "घुसळायचं काम तुम्ही करता की मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खलास," म्हणाले. "तुमी म्हणाल तसं."

गोंद लावून, बारीक बिनडोक्याचे खिळे मारून त्यांनी तिन्ही कड्या दांड्याला पक्क्या केल्या. मी वर "पॉलिशही मारा" म्हणाले. तेवढं मात्र त्यांनी साफ नाकारलं. "दुधात जायची वस्तू हाय, वहिनी. पॉलिश नाय मिळणार." त्या दिवसात शहाणपणाची जी एकच गोष्ट घडली ती ही, आणि तीही माझ्या विरोधाला न जुमानता.

बुधवारी दुपारी ती परतली. मला धीर कुठला. तिने बॅग खाली ठेवली नाही तोच मी तिच्या मागोमाग आत गेले, रवी भिंतीवरून काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "सरप्राइज."

तिने ती नेहमीसारखी तळव्यांत धरली आणि फिरवली.

काहीच वाजलं नाही.

तिने पुन्हा फिरवली. मग थांबून कडीला नख लावलं. दुसरीला लावलं. तिसरीला लावलं. खिळ्याच्या बारीक ठिपक्यावर तिचं बोट आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरताना मी पाहिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच भिंतीला टेकली आणि तशीच घसरत खाली फरशीवर बसली, रवी मांडीवर घेऊन. तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, मला उद्देशून नव्हे.

मी वाकून म्हणाले, "फिक्स्ड. स्ट्राँग." ह्यापुढे मूर्खपणाची पायरी उरली नव्हती, तरी मी ती चढले.

मग तिने मला खाली बसवलं आणि सांगितलं. तुटक्या इंग्रजीत, हातवारे करत, मध्येच स्पॅनिशमध्ये घसरत. पण त्या दिवशी मला शब्द न् शब्द कळला. ही रवी वडिलांनी विकत घेतली नव्हती. लग्नाच्या आधी अंगणात बसून त्यांनी स्वतः कोरली होती, बायकोसाठी. पण बायकोला ती कधी वापरूच दिली नाही. रोज सकाळी तेच उठायचे, तेच चॉकलेट घुसळायचे, आणि कड्यांच्या त्या खडखडाटाने घर जागं व्हायचं. मागच्या वर्षी ते गेले. तेव्हापासून आईने सकाळी चूल पेटवलेली नव्हती. चॉकलेटला तोंड लावलेलं नव्हतं, बहिणींच्या घरीसुद्धा नाही. कुणी केलं तर उठून बाहेर जायची. रवी तिने लेकीला देऊन टाकली, 'माझ्या नजरेसमोर नको' म्हणून.

"आय थिंक," ती म्हणाली, "हिअर, न्यू हाऊस, मॉर्निंग, शी हिअर..." आणि तिने कानाला हात लावला.

एवढ्यासाठीच आईला बोलावलं होतं. इथे, नव्या घरात, सकाळी तिने तो आवाज ऐकावा. ऐकून कदाचित उठावं. कदाचित एक कप प्यावं. सगळी मदार त्या आवाजावर होती, आणि मी तो खिळे मारून बंद करून आणला होता.

सुतारांचे शब्द कानात वाजत होते, 'वाजाव्यात म्हणून ठेवल्यात मोकळ्या,' आणि त्याच्यामागून माझा स्वतःचा आवाज, 'घुसळायचं काम तुम्ही करता की मी?' तो आवाज माझा आहे हे मला खरंच वाटेना.

सुतारांना फोन लावला. ते सहम नावाच्या गावी, एका नव्या घराची दारं बसवायला गेलेले. "शनिवारी येतो, वहिनी, इन्शाल्ला." शनिवार म्हणजे आई येऊन एक दिवस उलटणार. मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून सुरुवातीलाच "अहो, माझं चुकलं" असं निघालं. पलीकडून त्यांनी दोनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली. सीब ते सहम दोन तासांची वाट. पुढे आम्ही दोघं, मागे ती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली रवी. आजारी मूल घेऊन बसावं तशी बसली होती. डावीकडे डोंगर, उजवीकडे खजुराच्या बागा मागे पडत होत्या. एकदाच नवरा हळू आवाजात मराठीत म्हणाला, "तिथे गेल्यावर आणखी काही दुरुस्त करू नकोस." मी "नाही करत" म्हणाले. लग्नानंतर इतक्या चटकन मी कधी काही कबूल केलं नसेल.

घर अर्धवट बांधलेलं होतं. सुतार दाराच्या चौकटीशी गुडघ्यावर बसले होते. टॉवेल उघडलेला पाहून ते उठले. मला काही विचारलंच नाही. तिच्याकडे बघून, हिंदीत म्हणाले, "बेटी, जितना बनेगा उतना करूँगा." तिला हिंदी येत नव्हती. तरी तिने मान हलवली.

झाडाच्या सावलीत फळीवर जाड कापड पसरून त्यांनी रवी ठेवली. खिळे एकेक करून उपटले, बारीक पकडीने, श्वास रोखून. मग कोमट पाण्याचं फडकं कड्यांभोवती गुंडाळलं आणि पातळ पात्याने गोंद सोडवायला लागले. तास गेला. पहिली कडी सुटली आणि त्यांनी ती बोटाने गरकन फिरवली. टक् असा छोटासा आवाज झाला. तिने तोंडावर हात घेतला. दुसरी सुटली. तिसरीचा गोंद जास्त मुरला होता. तिला त्यांनी तीनदा फडकं बांधलं. मग पातं आत सरकवलं आणि एक असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा.

कडी उभी चिरली होती. दोन तुकडे फळीवर पडले.

सुतारांनी पातं खाली ठेवलं. "माझ्या हातनं गेली," ते म्हणाले.

"तुमच्या नाही," मी म्हणाले. "माझ्या."

त्यांनी दोन्ही तुकडे कागदात बांधून तिच्या हातात दिले. मी विचारायच्या आतच म्हणाले, "जोडायचं नाव काढू नका. गोंद नको आता त्याला."

शुक्रवारी दुपारी आई आली. मी दाराच्या काचेतून पाहिलं. माझ्या खांद्याएवढी, काळ्या शालीतली, ताठ मानेची बाई. मी दार उघडलं नाही. बाहेर पडायची हिंमतच नव्हती.

शनिवारी सकाळी माझी बेल वाजली. शेजारीण होती. "कम," म्हणाली. "शी आस्क."

आई स्वयंपाकघरात उभी होती. रवी तिच्या हातात. कड्यांवर ती अंगठा फिरवत होती, एक, दोन, आणि मग तिसऱ्याच्या जागी अंगठा दांड्यावरून घसरून जात होता. परत तेच. लेकीने स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली. सुरुवातीपासून सगळं सांगितलं असावं, कारण मध्येच तिने हवेत हातोडी मारून दाखवली आणि माझ्याकडे बोट केलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून उभी. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखी.

मग तिने शाल काढून खुर्चीवर टाकली. दूध तापत ठेवलं.

लेक पुढे सरकली तर तिने हाताने मागे सारलं. वडी घातली, मातीच्या भांड्यात ओतलं, रवी दोन तळव्यांत धरली. आणि फिरवली.

आधी अडखळत. मग जोरात. दोन कड्यांचा खडखडाट. तिसरीची जागा रिकामी. मी तो आवाज पूर्वी ऐकला होता, मोडकळीला आलेल्या वस्तूचा म्हणून. आता तो ऐकून मी ओट्याला धरलं. लेक रडत होती. आई रडत नव्हती. घुसळत होती, कपाळावर आठ्या घालून, जणू कुणाशी तरी भांडत होती. फेस वर आला, काठोकाठ आला, तरी ती थांबेना.

शेवटी थांबली. पहिला कप तिने स्वतःसाठी भरला आणि उभ्याउभ्याच प्याली. पुरा. मग माझ्यासाठी भरला, आणि देताना काहीतरी बोलली. लेकीने डोळे पुसत मला सांगितलं. आई म्हणते, शेवटी शेवटी बाबांचेही पुढचे दात पडले होते. तरी त्यांचा गोंगाट काही कमी झाला नव्हता.

त्या घरात आई तीन आठवडे राहिली. रोज सकाळी समोरच्या घरातून आवाज यायचा आणि मी बिछान्यात दचकून उठायची. इतकी वर्षं झाली, ते लोक केव्हाच निघून गेले, पण तो दचका अजून आहे. सैल काही दिसलं की आधी तो येतो.

त्याच शनिवारी संध्याकाळी मी थर्मासमध्ये चॉकलेट घेऊन सूकमागच्या गल्लीत गेले होते. सुतार नुकतेच सहमहून परतले होते. त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला. मी सगळं सांगितलं, आईने काय केलं, काय म्हणाली, तेसुद्धा. त्यांनी कप पूर्ण रिकामा केला, मला परत दिला आणि म्हणाले,

"बरं झालं. पण पुढच्या खेपेला जरा मोडलेली वस्तू घेऊन या, वहिनी."